दुसरा मॉनिटर लावायचा असेल तं एसटीत बसायच्या आधी एवढं पाहून घेजा

मृग लागला की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर पाय ठेवायले जागा राहत नाही. आधी पोरापोरींचे उत्पन्नाचे दाखले, नॉन क्रिमीलेअर, मंग जुलैत पीक विमा, अन् मधातच कोणाचं तरी आधारवर एक नाव अन् सातबाऱ्यावर दुसरं. त्यामुळे दुसरा मॉनिटर लावायचा असेल तं मे महिन्यातच लावून मोकळे व्हा, गर्दीत कॅबिनेटमागचे वायर उपसत बसू नका. मी मागच्या साली एका स्क्रीनपायी तीन चकरा मारल्या, दोन यवतमाळच्या अन् एक नागपूरची. पहिल्या चकरेत एचडीएमआय केबल आणली, घरी येऊन पाहतो तं डब्याले, म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटले, एचडीएमआयचं भोकच नाही. दुसऱ्यांदा दुकानदार म्हणे हे स्प्लिटर घेऊन जा भाऊ, दोन काय चार मॉनिटर लावा, लावलं, तं दोन्हीवर तेच ते चित्र. तिसऱ्यांदा नागपूरच्या बर्डीवरून बरोबर केबल आणली तरी स्क्रीन काळी, अन् कारण काय तं मॉनिटरचा सोर्सच, म्हणजे कोणत्या भोकातून चित्र घ्यायचं ती सेटिंग, जुन्या व्हीजीएच्या भोकावर अडकलेला. शहरातल्या माणसाले चुकीची केबल म्हणजे अर्ध्या घंट्याचं काम, आपल्याले एक पूर्ण दिवस, एसटीचं भाडं अन् बंद सेंटर. म्हणून ही यादी घरून निघायच्या आधीपासूनची आहे.

सगळ्यात पहिले ठरवा की दुसरी स्क्रीन कोणासाठी पाहिजे. तुमच्यासाठी पाहिजे म्हणजे एकीवर पोर्टल अन् दुसरीवर स्कॅन केलेला सातबारा, तं दोन्ही मॉनिटर एका उंचीवर बाजूबाजूले बसले पाहिजेत. गिऱ्हाइकासाठी पाहिजे, म्हणजे त्याचा फॉर्म त्यालेच दिसावा, तं केबल लांब लागते, तीन नाही पाच मीटर. मी गिऱ्हाइकासाठीच लावला. सबमिट करायच्या आधी काकाजी म्हणतेत, नाव बरोबर आहे बावा, पण हा गट नंबर माझा नाही, धाकल्या भावाचा आहे, असं एकदा झालं की मॉनिटरचे पैसे वसूल. पण हा मॉनिटर दाराकडे तोंड करून ठेवू नका, मे महिन्यातलं दुपारचं ऊन त्याच्यावर पडलं की काहीच दिसत नाही अन् गिऱ्हाईक म्हणते बंद आहे का हे. टेबलाची जागा आधी ठरवा अन् सुतळीने अंतर मोजून घ्या, वायर टेबलाच्या खालून फिरून जाते हे धरून मोजा, सरळ रेषेत मोजू नका, नाहीतं एक हात कमी पडते.

आता डबा फिरवा. धूळ पुसा, आमच्याकडे जिनिंगच्या दिवसात कापसाची फुसफुस पण निघते पंख्यातून, अन् मोबाईलचा टॉर्च लावून मागचे सगळे पोर्ट, म्हणजे केबल लावायचे भोकं, पाहा अन् फोटो काढा. हा फोटोच दुकानात दाखवायचा, तोंडाने "ते चपटं वालं" असं सांगू नका. निळं, पंधरा पिनचं, दोन स्क्रूवालं ते व्हीजीए, १९८७ सालचं आहे पण आपल्या भागात अजूनही तेच राज्य करते. एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे तिरपे असतेत. डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असते, अन् बऱ्याच केबलले दाबायची खटकी असते, न दाबता ओढली तं पोर्टच हातात येईल. इथंच सगळे फसतेत, कारण सेकंडहँड मार्केटमधून आपण जे ऑफिसचे जुने डेस्कटॉप घेतो, डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१० वगैरे, त्याले मागून एक व्हीजीए अन् दोन डिस्प्लेपोर्ट असतेत, एचडीएमआय नसतेच. मीही डिस्प्लेपोर्टलेच एचडीएमआय समजलो होतो. एखाद्या डब्याले रुंद पांढरं डीव्हीआय असते, त्यात आडव्या पट्टीच्या आजूबाजूले चार बारीक भोकं असली तं त्याच्यातून साध्या कन्व्हर्टरने व्हीजीए निघते, ती चार नसली तं नाही निघत, दुकानदार काही म्हणो.

डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड, आहे का हेही आताच पाहा. असलं तं खाली आडव्या पट्टीत वेगळे पोर्ट दिसतीन, अन् मॉनिटर दोन्ही त्याच कार्डले लावायचे, वर मदरबोर्डच्या पोर्टले नाही. कार्ड लावलं की बरेच बोर्ड आपले स्वतःचे पोर्ट बंद करून टाकतेत. एक मॉनिटर कार्डवर अन् एक बोर्डवर असं करायचंच असेल तं बायोसमध्ये, म्हणजे डबा सुरू होताना उघडते त्या सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी मॉनिटर किंवा इंटर्नल ग्राफिक्स असं काहीतरी नाव शोधून एनेबल करा. पण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, आय५ १२४००एफ सारखं, तं त्याच्यात ग्राफिक्सच नसते, बोर्डवरच्या एचडीएमआयमधून जन्मात चित्र येणार नाही, बायोस कितीही खोदा. इंटेलच्या दुसऱ्या जनरेशनपर्यंतच्या डब्यावर कार्डाशिवाय दोनच स्क्रीन चालतेत, तिसऱ्या जनरेशनपासून तीन चालतेत, म्हणजे आपलं काम तसंही भागते. कार्ड नवीन घ्यायचं असेल तं डबा पातळ आहे की उभा मोठा हे मोजून घ्या, पातळ डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसते. जीटी ७१० सारखं साधं कार्ड फॉर्म भरायले खूप झालं, त्याले वेगळी पॉवरची वायरही लागत नाही.

मॉनिटरचीही पाठ पाहा, फोटो काढा, अन् मंग जोडी जुळवा, मुलगी पाह्यला गेल्यासारखं दोन्हीकडचं पाहा. डब्याकडून काय निघते अन् मॉनिटरकडे काय जाते, ही दिशा लक्षात ठेवा, अर्धे घोळ दिशेचेच आहेत. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयमध्ये जाणारी साधी केबल स्वस्त येते अन् चालते. तीच केबल उलटी, डब्यात एचडीएमआय अन् मॉनिटरले डिस्प्लेपोर्ट, अशी लावली तं चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा कन्व्हर्टर पाहिजे ज्याले यूएसबीमधून पॉवर लागते. एचडीएमआयमधून व्हीजीए काढायचं तं मधात चिप असलेला कन्व्हर्टर लागते, कारण एक डिजिटल अन् एक ॲनालॉग. बाजारात एका टोकाले एचडीएमआय अन् दुसऱ्या टोकाले व्हीजीए अशी नुसती वायरही भेटते, दिसायले छान, आत चिप बिप काही नाही, ती घेऊ नका. अन् स्प्लिटर म्हणजे एका चित्राचे दोन तुकडे नाही, एका चित्राच्या दोन झेरॉक्स. दोन वेगवेगळे चित्र पाहिजे तं डब्यातून दोन वेगवेगळे पोर्ट निघाले पाहिजेत. पोर्ट संपलेच असतीन तं यूएसबीवर चालणारा डिस्प्ले अडॅप्टर भेटते, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजले ते सामान ओळखू देणारं सॉफ्टवेअर, टाकावा लागते, फॉर्म भरायले चालून जाते, फक्त अंगठ्याची मशीन अन् तो एकाच यूएसबी हबवर लटकवू नका.

आता पैसे खर्च करायच्या आधी घरच्याच सामानावर एक टेस्ट करा. चालू मॉनिटरची केबल काढा अन् तीच केबल त्याच पोर्टमधून नव्या मॉनिटरले लावा, दोघांचं तोंड एक नसेल तं शेजाऱ्याचा, शाळेचा, कोणाचा तरी मॉनिटर मागून आणा. चित्र आलं म्हणजे मॉनिटर चांगला. मंग जुना मॉनिटर दुसऱ्या पोर्टवर लावून पाहा, आलं म्हणजे तो पोर्ट चांगला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की चूक कोणाची ते कळत नाही अन् आपण चांगल्या केबलले शिव्या देतो. मॉनिटर नो सिग्नल दाखवत असेल तं त्याच्या बटणांतून सोर्स किंवा इनपुट शोधा अन् ज्या भोकात केबल आहे तेच निवडा, ऑटोवर विसंबून राहू नका. मी रात्री बारापर्यंत ड्रायव्हर टाकून राहिलो होतो अन् काम त्या एका बटणाचं होतं, घरचे हसून राहिले होते.

ड्रायव्हर मात्र पाहायचाच. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टरच्या खाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं लिहून दिसलं तं समजा खरा ड्रायव्हर नाही, अन् तसा असला की दुसरी स्क्रीन सहसा लागतच नाही. गावातल्या पोट्ट्याने विंडोज टाकून दिलं की बहुतेक हेच राहून जाते. तिथं इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव आलं पाहिजे. कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर उतरवा, रात्री नेट चांगलं चालते तेव्हा उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवून द्या, लावायच्या दिवशी टॉवर गेला तं हात चोळत बसाल.

लाइटीचं जरा लांबून सांगतो, कारण आपल्याकडे मॉनिटर केबलने कमी अन् लाइटीने जास्त मरतेत. बावीस इंची एलईडी मॉनिटर वीस पंचवीस वॅट खाते, त्यामुळे ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधा डेस्कटॉप अन् दोन मॉनिटर आरामात बसतेत, फक्त बॅकअपची मिनिटं कमी होतेत. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, गरम होताना तो एकटाच कित्येकशे वॅट ओढते अन् यूपीएस टूं करून बसते, भरत आलेला फॉर्म गेला. दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटले हात लावला की बारीक झिणझिण्या येत असतीन तं तिसऱ्या पिनचं काम होऊन नाही राहिलं. अशा वेळेस चालू डब्यात चालू मॉनिटरची केबल खुपसली की कधी कधी ठिणगी उडते अन् पोर्ट मरते, बाहेरून सगळं साबूत दिसते अन् चित्र येत नाही. म्हणून डबा अन् दोन्ही मॉनिटर एकाच यूपीएसवर किंवा लाइटीच्या एकाच बोर्डावर घ्या, केबल जोडताना बटण नाही, पिनच काढा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, बादलीभर पाणी टाका, पंप सुरू झाला की मी आठवड्यातून दोनदा टाकतो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात बसवायचे जे जुगाड असतेत ते इथं नको.

इतकं झालं की बाजारात जा. सोबत दोन्ही फोटो, सुतळीचं माप, अन् जमलं तं मॉनिटरच घेऊन जा, एसटीत गोणपाटात गुंडाळून मांडीवर घ्यायचा, काच माणसाकडे. दुकानदाराले म्हणा केबल इथंच लावून दाखव. व्हीजीए लांब घेत असाल तं जाड अन् दोन्ही टोकाले काळी गोळी असलेली घ्या, पातळ लांब केबलवर अक्षराले सावली येते अन् आधार नंबरातला तीन आठ दिसते.

घरी येऊन सगळं बंद करून जोडा, आधी मॉनिटर सुरू करा, मंग डबा. दोन्ही काळे राहिले अन् डबा बीप देत असेल तं घाबरू नका, हलवाहलवीत रॅम ढिली झाली असेल, पिन काढून रॅम उपसा, सोनेरी पट्टी खोडरबरने पुसा, दाबून बसवा. सुरू झालं की विंडोजचं बटण अन् पी दाबा, तिथं एक्स्टेंड निवडा, म्हणजे दोन्ही स्क्रीनवर वेगवेगळं चित्र. डुप्लिकेट ठेवू नका, गिऱ्हाइकासमोर तं मुळीच नाही, आधीच्या माणसाचं पासबुक अन् आधार पुढच्याले दिसत राहते. एक्स्टेंडवर फक्त ज्याचा फॉर्म तेवढीच विंडो तिकडे सरकवायची, विंडोज, शिफ्ट अन् बाण दाबला की विंडो आपोआप पलीकडे उडी मारते. डिस्प्ले सेटिंगमध्ये एक अन् दोन असे चौकोन असतेत, टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसेच ते ओढून बसवा, नाहीतं माउस उजवीकडे नेल्यावर भिंतीले अडकते अन् डावीकडून निघते. तुमच्या समोरचा मेन ठेवा. रेझोल्यूशन रेकमेंडेड असं लिहिलेलं तेच. चुकीचं निवडून मॉनिटर आउट ऑफ रेंज म्हणाला तं काहीच दाबू नका, पंधरा सेकंदात विंडोज आपणच मागं येते. मधातच स्क्रीन गेली तं विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी एका वेळी दाबा, एकदा लुकलुकते अन् ग्राफिक्स नव्याने उठते. अन् आवाज गेला असं वाटलं तं तो एचडीएमआयमधून नव्या मॉनिटरकडे गेला आहे, खाली स्पीकरच्या चिन्हातून परत बोलवा.

एवढं लावून झालं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकाले चिकटपट्टी लावून नाव लिहा, अन् वायर भिंतीवर हातभर उंच बांधा, खाली उंदीर येतेत. जूनमध्ये पहिल्या वादळाचा गडगडाट झाला की यूपीएसची पिन अन् नेटची वायर, दोन्ही उपसून ठेवायच्या. मी शेजारच्या पानठेल्यावाल्याले सांगून ठेवलं आहे, मी नसलो अन् इजा चमकल्या तं शटर उघडून पिन काढजो, चावी त्याच्याकडेच राहते.