ट्रकच्या पाट्याची सुरी: पाणी देताना तडकणे किंवा मऊ राहणे (माझा अनुभव)

भंगारातून आणलेल्या ट्रकच्या पाट्याची (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) सुरी बनवली. पाणी देताना, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक करताना, पहिली तडकली: पाण्याच्या बादलीत बुडवताच 'टिच्' आवाज आला आणि धारेपासून केसाएवढी भेग वर गेली. दुसरी थंड तेलात बुडवली, तर कानस लोण्यासारखी चालली, म्हणजे सुरी मऊच राहिली. दोन महिन्यांची मेहनत वाया गेली, फार वाईट वाटलं.

पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के, शिवाय क्रोमियम किंवा सिलिकॉन असतं. त्याला तेलच हवं, पण गरम केलेलं. तिसरी सुरी अशी जमली:

घासतानाच धार दीड मिलिमीटर जाड ठेवली. पातळ धार वाकते. मग लाल करून उघड्या हवेत काळी होऊ दिली, असं तीनदा. चौथ्यांदा तापवताना चुंबक लावत राहिलो. ७७० अंशांच्या आसपास चुंबक चिकटेनासं होतं. मी दुसऱ्यांदा इथेच थांबलो होतो, ती चूक! आणखी थोडं, शेंदरी रंगापर्यंत तापवायचं. हा रंग सावलीत बघा, उन्हात फसगत होते.

लगेच ५५-६० अंश गरम तेलात टोकाकडून सरळ बुडवली, आडवी हलवली नाही. तेल लोखंडी डब्यात, झाकण हाताशी, भडका उडतोच. नंतर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे सुरी कडक झाली.

तशीच वापरली तर पडताच तुटेल. त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घासलेल्या जागी गवताचा फिकट पिवळा रंग आला. मग धार लावली. महिनाभर रोजची भाजी हिनेच चिरतोय.