घरातला पैसा एकत्र, कर मात्र ज्याचा त्याचा

आमच्या घरात उत्पन्न असलेली माणसं चार. मी नोकरी करते, नवऱ्याचं विजेची उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे, धाकटे दीर एका कंपनीत आहेत आणि सासूबाईंना मुदत ठेवींचं व्याज येतं. घरखर्च सगळा एकत्र. पण आयकर खातं घर बघत नाही, पॅन बघतं. म्हणून रिटर्न भरायच्या आधी मी वहीची चार पानं घेते, प्रत्येकावर एकेकाचा पॅन लिहिते आणि वर्षभरात आलेला पैसा कुणाच्या पानावर जातो ते ठरवते. खालचे आकडे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाचे आहेत.

सगळ्यात जास्त वेळ दुकानाच्या पानाला द्या. आमच्या दुकानातला क्यूआर कोड एकदा सात महिने माझ्या बचत खात्याला जोडलेला होता, कारण ह्यांचं चालू खातं उघडायचं राहून गेलं होतं. वर्षअखेरीला माझ्या खातेउताऱ्यात पगाराच्या मोजक्या नोंदी आणि तीनशे-चारशे रुपयांच्या शेकडो. यातले मिक्सर दुरुस्तीचे कुठले, मैत्रिणीने परत केलेले कुठले, हे बिलबुकाशी ताडून पाहण्यात माझे चार रविवार गेले. तेव्हा क्यूआर दुकानाच्याच खात्याला जोडा. दुकानातून घरासाठी पैसे घेतले की ‘उचल’ म्हणून लिहा; उचल हा धंद्याचा खर्च नव्हे, ती नफ्यातून वजा होत नाही.

उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर अनुमानित उत्पन्नाची सोय, म्हणजे कलम ४४एडी, बघा. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर निदान ६ टक्के आणि रोखीवर निदान ८ टक्के नफा दाखवायचा. समजा १८ लाखांच्या उलाढालीत १२ लाख यूपीआयने आणि ६ लाख रोख आले, तर ७२,००० अधिक ४८,००० म्हणजे १,२०,००० रुपये. पण ही किमान रक्कम आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा, उद्या गृहकर्ज मागायला गेलात की बँक रिटर्नवरचाच आकडा धरते. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर, वजा जाता कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर या योजनेत तो आगाऊ कर म्हणून १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो.

नोकरदारांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. दीरांनी दिला नव्हता. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) आणि करमुक्त मर्यादा आपापली धरली, टीडीएस कमी कापला गेला आणि रिटर्नच्या वेळी उरलेला कर व्याजासकट एकदम भरावा लागला.

आयकराची नवी प्रणाली (दर कमी, पण वजावटी थोड्या) की जुनी (वजावटी जास्त), हे दोन्हीकडे आकडे मांडूनच ठरवा. फक्त पगार असेल तर नव्या प्रणालीत १२,७५,००० पर्यंत कर लागत नाही. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्याला मात्र ही सवलत नाही. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. धंदेवाल्याचं तसं नाही: जुनी घेऊन पुन्हा नवीत आलात की धंदा असेपर्यंत जुनीत परत जाता येत नाही.

आता ठेवी. नवऱ्याने स्वतःच्या पैशातून माझ्या नावावर ठेव केली, तरी तिचं व्याज त्याच्याच पानावर जातं. त्याने आईला पैसे दिले तर त्या भेटीवर कर नाही आणि पुढचं व्याज आईचं. सासूबाई साठीच्या पुढच्या, त्यामुळे एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं तरच टीडीएस कापला जातो. त्यांचा एकूण कर शून्य निघतो, म्हणून आम्ही एप्रिल २०२५ मध्येच प्रत्येक बँकेत फॉर्म १५एच, म्हणजे टीडीएस कापू नका असं सांगणारा अर्ज, दिला होता.

शेवटी चारही पानं आयकर पोर्टलवरच्या ज्याच्या त्याच्या एआयएसशी, म्हणजे खात्याकडे पोचलेल्या वर्षभराच्या नोंदींच्या पत्रकाशी, जुळवा. एकदा सासूबाईंची एकच ठेव तिथे दोनदा दिसत होती. तिथल्या तिथे फीडबॅक नोंदवला, पासबुकाची प्रत फाइलला लावली आणि मगच रिटर्न भरलं. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी (रिटर्न आपलंच असल्याची खात्री, बहुतेकदा आधारच्या ओटीपीने) करायची असते. घरातल्या वडीलधाऱ्यांचं आधार जुन्या, बंद पडलेल्या मोबाइल नंबरला जोडलेलं असेल तर तो नंबर आधी बदलून घ्या, नाहीतर ओटीपी येणारच नाही.