अंदमानात जायंट ट्रेव्हली गळाला लावताना

कोकणात ज्यांना कोकर म्हणतात त्या ट्रेव्हली माशांमधला सर्वांत मोठा मासा म्हणजे जायंट ट्रेव्हली. गळाचे शौकीन त्याला नुसते ‘जीटी’ म्हणतात. जपानच्या तोकारा बेटांजवळ २००६ मध्ये सापडलेल्या विक्रमी जीटीचे वजन ७२.८ किलो होते, आणि सेशेल्समध्ये उडत्या समुद्रपक्ष्यावर पाण्याबाहेर झेप घेताना याचे चित्रीकरणही झाले आहे. मात्र वीस किलोचा जीटीसुद्धा धडधाकट माणसाला पुरून उरतो.

अंदमानात यासाठी साधारण डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ निवडावा. राखीव आदिवासी क्षेत्रे आणि वंडूरजवळचे सागरी राष्ट्रीय उद्यान पूर्णपणे वर्ज्य असल्याने परवाने, तसेच नाव कोठे न्यायची, हे निघण्यापूर्वीच नावाड्याबरोबर पक्के करावे.

हा मासा गळाला लागताच थेट प्रवाळखडकाकडे धावतो आणि दोर खडकावर घासला की खेळ संपतो. त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत काय होणार, हे बहुतांशी किनाऱ्यावरच्या तयारीवर ठरते. शंभर पौंडी (तेवढा ताण सोसणारा) विणीचा दोर, त्यापुढे दीडशे ते दोनशे पौंडी जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे आमिषाकडचा शेवटचा तुकडा, आणि मोठे, भक्कम स्पिनिंग रीळ घ्यावे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर किती ताणावर सुटू द्यायचा तो अवरोध, अंदाजाने न लावता ताणकाट्याने मोजून दहा-बारा किलोवर ठेवावा. दोर व लीडर जोडणारी एफजी गाठ बांधताना दोर ताणून धरावा, लीडर त्यावरून एकदा वरून व एकदा खालून असे वीसेक वेढे द्यावेत आणि गाठ ओली करून, विणीचा रंग गडद होऊन ती लीडरमध्ये रुतेपर्यंत, आवळावी. हे काम हलत्या नावेत करू नये. (घाईत बांधलेल्या गाठीने माझा एक मासा गेला आहे, त्याचा दोष मी अजूनही लाटांना देतो.)

भरती-ओहोटीचा प्रवाह खडकाच्या ज्या कडेवर आदळून फेसाळतो, तिच्या पलीकडे पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारे बनावट आमिष, फेकावा. काठी खाली ठेवून आडवा, जोरदार हिसका द्यावा. पॉपरच्या खोलगट तोंडातून ‘डुबुक्’ असा घोगरा आवाज आला आणि मागे बुडबुड्यांची रेघ उमटली, की हिसका बरोबर बसला. मग दोन क्षण थांबावे. पाणी फुटलेले दिसताच काठी उचलण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण वजन हाताला लागल्याशिवाय ती उचलू नये. वजन लागले, की दोन-तीन दमदार हिसके द्यावेत आणि नावाड्याने त्याच वेळी नाव खोल पाण्याकडे न्यावी. काठी उभी धरल्यास ती मोडते व कंबरही धरते, म्हणून काठीचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात टेकवून गुडघे किंचित वाकवावेत.

तीन फाट्यांच्या हुकांऐवजी एकेरी हुक लावून त्यांचे उलटे काटे पक्कडीने आधीच चेपलेले असावेत. मासा लवकर सुटतो आणि आपली बोटेही वाचतात. शेपटीच्या बुडाशी कडक, धारदार खवल्यांची रांग असते, तेव्हा हातमोजे घालूनच तेथे धरावे. कल्ल्यांत बोटे घालून त्याला लटकवू नये. पोटाखाली हाताचा आधार देऊन एखादे छायाचित्र घ्यावे. पाण्यात तोंड प्रवाहाकडे ठेवून धरावे आणि तो स्वतःच्या जोराने हात झिडकारेपर्यंत सोडू नये.