वक्र पडद्यावर त्रिमितीय चित्र : डाव्या-उजव्या प्रतिमांतील वाकडेपणा कसा घालवावा

गणेशोत्सवाच्या देखाव्यात चष्मा लावून पाहण्याचा त्रिमितीय चित्रपट वक्र पडद्यावर दाखवू इच्छिणाऱ्या बेळगाव परिसरातील मंडळांसाठी हे लिहीत आहे. एकाच मॉडेलचे दोन डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारे) प्रोजेक्टर, दोन पोलरायझर (प्रकाशलहरींना एकच दिशा देणाऱ्या, म्हणजे ध्रुवीकरण करणाऱ्या काचा), वार्पिंगचे (चित्र हवे तसे वाकवण्याचे) सॉफ्टवेअर आणि सिल्व्हर (ध्रुवीकरण टिकवणारा रुपेरी) पडदा हाताशी आहे, असे मी धरतो. पांढऱ्या फ्लेक्सवर काम भागेल असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. त्यावर प्रकाशाचे ध्रुवीकरण टिकत नाही आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रे दिसतात.

पडद्याच्या चौकटीचे पाइप बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून एकाच त्रिज्येत वाकवून घ्यावेत. प्रोजेक्टर एकावर एक बसवून (डाव्या डोळ्याचे चित्र दाखवणारा तो डावा, उजव्याचे दाखवणारा तो उजवा) अर्धा तास तापू द्यावेत आणि त्यांतील कीस्टोन, म्हणजे तिरके चित्र चौकोनी करण्याची सोय, शून्यावर ठेवावे, कारण चित्र दोनदा ताणले की बारकावे जातात.

त्यानंतर पडद्यावर खुणा कराव्यात. त्रिज्या ३ मीटर असेल, तर दर १० अंशांना वक्रावर ५२.४ सेंमी अंतर येते. तेवढ्या अंतरावर गवंड्याचा ओळंबा सोडून उभ्या रेषा घ्याव्यात आणि आडव्या रेषांची पातळी पाण्याच्या नळीने मिळवावी. मांडवातली जमीन सपाट आहे असे गृहीत धरून मोजपट्टीने उंची घेऊ नये.

आता खरा अवघड टप्पा येतो. त्याने मलाही पुष्कळ दमवले आहे. वरून मारलेल्या चित्रातील आडव्या रेषा अंतर्वक्र पडद्यावर मध्यभागी खाली झुकतात, कारण पडद्याच्या कडा प्रोजेक्टरला जवळ असतात. दोन भिंगे एकाच उंचीवर नसल्यामुळे हा झोल दोन्ही चित्रांत सारखा नसतो. भिंगांत २० सेंमी अंतर, प्रोजेक्टरपासून पडद्याच्या मध्यापर्यंत ५ मीटर अंतर आणि ३ मीटर त्रिज्येचा ८० अंशांचा पडदा असेल, तर मध्यभागी तंतोतंत जुळवलेल्या रेषा कडेला सुमारे २.८ सेंमी वर-खाली होतात, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात जवळपास तेरा पिक्सेल. मध्य जुळला की काम झाले असे मानणारे इथेच फसतात. दोन प्रतिमांतील आडवा फरक डोळे सहज जुळवून घेतात, परंतु एक डोळा वर आणि दुसरा खाली नेणे त्यांना फारसे जमत नाही. कडेला बसलेल्यांचे डोके दुखते ते यामुळे.

चष्मा लावून, चित्रपट चालू ठेवून, एक प्रतिमा दुसरीवर ओढत जुळवावी असा सल्ला अनेकजण देतात. तो चुकीचा आहे. चित्रातला खोलीसाठी मुद्दाम ठेवलेला फरक आणि पडद्यामुळे आलेली विकृती त्यात एकमेकांत मिसळतात, आणि लहान चुका मेंदू झाकून टाकतो. म्हणून चित्रपट बंद ठेवावा, उजव्या प्रोजेक्टरचे भिंग झाकून डाव्याची चौकटी जाळी (सॉफ्टवेअरने दाखवलेल्या उभ्या-आडव्या रेषा) फक्त पडद्यावरील खुणांवर बसवावी, मग डावे झाकून उजव्याची जाळी त्याच खुणांवर बसवावी. सुरुवात जाळीच्या, ओढून हलवता येणाऱ्या, पाच बाय पाच बिंदूंनीच करावी. पहिल्यापासून बारीक जाळी घेतली, तर एका ठिकाणी सरळ झालेली रेषा शेजारी फुगते आणि ती लहर काढता काढता रात्र सरते.

मग चष्मा न लावता डावी जाळी लाल आणि उजवी निळसर हिरवी दाखवावी. जुळलेली रेषा पांढरी दिसते. फरक असला, तर तिच्या वरच्या अंगाला एक रंग आणि खालच्या अंगाला दुसरा रंग उरतो. ही किनार चारही कोपऱ्यांत जाऊन जवळून तपासावी आणि ती एका पिक्सेलपेक्षा जाड असेल तिथेच बिंदू वाढवावेत.

चित्रपट डावे-उजवे अर्धे शेजारी ठेवलेल्या स्वरूपात असेल, तर आधी ते अर्धे वेगळे करावेत आणि नंतर प्रत्येकाला त्याची जाळी लावावी. दोन्ही अर्ध्यांचे अखंड चित्र एकत्रच वाकवले, तर दोन्ही डोळ्यांची चित्रे बिघडतात. अतिदूरच्या वस्तूंच्या दोन प्रतिमांमधले पडद्यावरचे अंतर ६.५ सेंमीच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण माणसाच्या दोन डोळ्यांतले अंतर साधारण तेवढेच असते.

दोन्ही जाळ्यांच्या फाइली वेगवेगळ्या नावांनी जतन कराव्यात. पावसाच्या दमट हवेत पडद्याचा ताण बदलतो, त्यामुळे रोज संध्याकाळी आरतीपूर्वी लाल-हिरवी जाळी लावून खालची कड पाहून घ्यावी.