पियानोवर सूर दोन हातांत वाटताना या चुका टाळा

वरच्या स्टाफवरचं (पाच रेघांच्या पट्टीवरचं) सगळं उजव्या हाताचं आणि खालचं डाव्याचं, हा समज आधी सोडा. सूर कुठल्या हाताचा, हे बऱ्याचदा सुराच्या चिन्हाला जोडलेल्या दांड्यांच्या दिशेवरून आणि त्या दांड्या जोडणाऱ्या जाड रेघेवरून, म्हणजे बीमवरून ठरतं. एम.डी. दिसलं तर उजवा हात, एम.एस. किंवा एम.जी. दिसलं तर डावा.

नागपुरात पेटीवरून पियानोकडे वळलेले पुष्कळ. पेटीत डावा हात भात्यावर, म्हणून इथेही जमेल तेवढं उजव्यावर लादलं जातं. बीथोव्हनच्या 'पॅथेटिक' सोनाटाचा दुसरा भाग बघा. वर चाल, तळाला बेस, मध्ये सतत चालणारे सिक्स्टीन्थ (पाव मात्रेचे) सूर. सुरुवातीला चाल आणि मधले सूर दोन्ही उजव्याकडे असतात. मनगट आखडलं की चालीचा लेगाटो, म्हणजे सुरांची सलग जोडणी, तुटतो. अशा वेळी मधल्या सुरांतले खालचे सूर डाव्या अंगठ्याला द्या, पण बेस धरून अंगठा पोचत असेल तरच. बेस सोडून पेडलवर (सूर लांबवणाऱ्या पायपट्टीवर) भागवलं, तर पुढच्या हार्मनीला (सुरांच्या पुढच्या मेळाला) पेडल बदलताच तळ गायब होतो. नवव्या बारपासून (दोन उभ्या रेघांमधल्या नवव्या खंडापासून) चाल एक सप्तक वर जाते. तिथे वाटणी नव्याने करा, जुनी चिकटवू नका.

वाटून घेतलेला सूर 'ठप्' वाजणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. अंगठा वरून पडतो म्हणून असं होतं. तो आधी कळीवर टेकवा, मग दाबा. चाल आणि बेस गाळून फक्त मधला आवाज, म्हणजे मधली सुरावट, दोन्ही हातांनी निम्म्या लयीत वाजवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. हात कुठे बदलला हे ऐकून ओळखता आलं, तर अजून जमलेलं नाही.

वाटणी फिंगरिंगच्या (कुठल्या सुराला कुठलं बोट, हे ठरवण्याच्या) आधी ठरवून पेन्सिलीने कंसात दाखवा. बोटांना एक वळण लागल्यावर बदललं, तर ऐन कार्यक्रमात जुनं वळण डोकं वर काढतं.

६१ कळांच्या कीबोर्डवर मधल्या सीच्या (पियानोच्या मध्याजवळच्या सी सुराच्या) खाली दोनच सप्तकं असतात. रखमानिनॉफच्या सी शार्प मायनर प्रिल्यूडच्या सुरुवातीचाच खालचा सी शार्प त्यात बसत नाही. बेस वर ओढला की हात एकमेकांत अडकतात आणि वाटणी चुकीची वाटू लागते. दोष वाद्याचा असतो; वाटणी ८८ कळांवरच ठरवा.

बाखच्या दोन आवाजांच्या (एकाच वेळी चालणाऱ्या दोन स्वतंत्र सुरावटींच्या) इन्व्हेन्शन नावाच्या छोट्या रचनांमध्ये मात्र शक्यतो वाटणी नकोच, तिथे प्रत्येक हाताने आपला आवाज सांभाळणं हाच धडा आहे. त्याच्याच तीन आवाजांच्या सिन्फोनिया नावाच्या रचनांत मधला आवाज या हातातून त्या हातात जातोच, तिथे खुशाल वाटा.