ओंडक्यांचं सुट्टीघर स्वतः बांधताय? या चुका टाळा

विटांची भिंत आठ फूट बांधली की ती आठ फूटच राहते. ओंडक्यांची भिंत मात्र बांधून झाल्यावरही दोन-तीन वर्षं खाली बसत राहते. स्वतः लॉग केबिन बांधणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी ही गोष्ट विसरल्यामुळे येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ओलं लाकूड वाळताना जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. भिंतीत ओंडके आडवे, एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकाची जाडी थोडी कमी झाली की ती सगळी घट भिंतीच्या उंचीत जमा होते. वर छपराचं वजन असतंच, ते सांधे आणखी दाबतं. ताज्या तोडलेल्या ओंडक्यांसाठी 6 टक्के घट धरून आखणी करावी. 2.4 मीटर उंच भिंतीत हे जवळपास 14 सेंटीमीटर होतात! वाळवलेले ओंडके बरेच कमी बसतात, पण बसतातच.

चौकट थेट ओंडक्यांना ठोकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दाराची चौकट ओंडक्यांना खिळ्यांनी पक्की केली की भिंत तिथे लटकून राहते. बाकीचे ओंडके खाली जातात आणि मधे फटी पडतात. किंवा वरचा ओंडका चौकटीवर येऊन टेकतो आणि दार अडकतं. यावरचा मार्ग जुना आणि खात्रीचा आहे. ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खाच पाडायची, तिच्यात लाकडी पट्टी सरकती बसवायची आणि चौकट फक्त त्या पट्टीला जोडायची. चौकटीच्या वर मोकळी जागा ठेवायची. 2 मीटरच्या दारावर 12 सेंटीमीटर, 1.2 मीटरच्या खिडकीवर 7 सेंटीमीटर. या जागेत दाबली जाईल अशी मऊ लोकर भरा आणि बाहेरून फळी लावा. फळी फक्त वरच्या ओंडक्याला ठोका. खालच्या बाजूलाही खिळा मारलात तर सगळी मेहनत वाया गेली.

उभ्या खांबांचा विसर

खांबातलं लाकूड उभं असतं, म्हणजे त्याची उंची कमी होत नाही. भिंती खाली जातात आणि मधला खांब तसाच उभा राहतो, मग छपराला मधोमध कुबड येतं. प्रत्येक खांबाखाली किंवा वर स्क्रू-जॅक, म्हणजे आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा आधार, बसवा, तो पाना फिरवता येईल असा उघडा ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी ओळंबा आणि पातळी तपासून तो थोडा खाली घ्या. हाच नियम जिन्याला, आतल्या फळ्यांच्या भिंतींना आणि उभ्या पाइपांना. विटांचं धुराडंही खाली बसत नाही, म्हणून त्यावर तुळई टेकवू नका. छपर आणि धुराडं यांच्यामधली फट झाकणारा पत्रा दोन सुट्या भागांत लावा, एक छपराला आणि एक धुराड्याला, म्हणजे एकावर दुसरा सरकेल.

पाणी कुठे थांबेल हे न पाहणं

लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून आराखड्यात सगळा विचार पाण्याचा हवा. छपराची वळचण किमान 60 सेंटीमीटर बाहेर काढा, 90 असेल तर उत्तम. सौंदर्यासाठी ती आखूड ठेवणारे लोक मला कळत नाहीत. पहिला ओंडका जमिनीपासून 45 सेंटीमीटर वर असावा, कारण पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि खालचे ओंडके आधी कुजतात. कोपऱ्याच्या सांध्याची खाच वरच्या ओंडक्याच्या पोटात कोरा, खालच्याच्या पाठीवर नको. पाठीवरच्या खाचेत पावसाचं पाणी वाटीसारखं साचतं.

वाळताना ओंडक्याला लांब तडा जाणारच. तो कुठे जावा हे मात्र आपण ठरवू शकतो. ओंडक्याच्या वरच्या बाजूला, पुढच्या ओंडक्याखाली झाकली जाईल अशा जागी, लांबीभर करवतीचा काप द्या. तडा बहुधा तिथेच उघडतो. उघड्यावरचा, आभाळाकडे तोंड असलेला रुंद तडा मात्र भरून घ्यायलाच हवा. बाहेरून जाड थर बसणारा चकचकीत रंग लावू नका. त्याला भेग पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. ओलावा बाहेर जाऊ देणारं स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, वापरा आणि ते ठरावीक काळाने पुन्हा द्या.

साल सोलून काढायचीच. तिच्याखाली ओलावा राहतो आणि किडे पोसतात. तोडल्यानंतर फार वेळ गेला तर ती घट्ट चिकटते, म्हणून लवकर उरका.

वजनाचा अंदाज चुकणं

30 सेंटीमीटर व्यासाचा, 6 मीटर लांबीचा ओला ओंडका सव्वातीनशे किलोंच्या आसपास भरतो. दोन मित्रांच्या भरवशावर तो छातीच्या वर उचलायला जाऊ नका. कप्पी, उतरत्या फळ्या किंवा क्रेन, काहीतरी आधीच ठरलेलं हवं. ट्रक जागेपर्यंत पोहोचतो का, ओंडके फिरवायला मोकळी जागा आहे का, हेही जागा घेतानाच बघा. रचताना बुंधा आणि शेंडा आलटून-पालटून ठेवा, नाहीतर भिंतीची एक बाजू चढत जाते. आणि पहिलं घर लहानच आखा. एका खोलीचं, ओंडक्याच्या लांबीत मावणारं, म्हणजे लांबीला जोड द्यावा लागणार नाही. बांधकामाच्या परवानगीची चौकशी मात्र पहिला ओंडका आणण्याआधी करा.

अडचण आलीच तर

दार अडकलं की लोक आधी रंधा हातात घेतात. थांबा. दारावरची फळी काढून मोकळी जागा उरली आहे का ते पाहा. ओंडका चौकटीवर टेकला असेल तर दार तासून काही महिनेच निभतील. चौकट काढून वरचा ओंडका कापावा लागतो.

दोन ओंडक्यांमधून वारा येत असेल तर फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि तिच्यावर ताणला जाणारा सीलंट, म्हणजे फट बुजवणारी लुगदी, भरा. तो फक्त वरच्या आणि खालच्या ओंडक्याला चिकटला पाहिजे, मागे चिकटला तर ताणताना फाटतो. सिमेंटने भरलेली फट लाकूड हललं की लगेच सुटते.

एखादा ओंडका काळसर दिसला तर आरीने टोचून बघा. आरी सहज आत गेली तर लाकूड कुजलंय. तेवढा भाग कोरून नवं लाकूड बसवता येतं, पण त्याआधी वरून पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर नवा तुकडाही कुजेल.