कष्टावर टॅक्स नको, खरेदीवर लावा: हे न्याय्य आहे का ते कागदावर कसं तपासायचं

"माणूस कमावतो तेव्हा नाही, खर्च करतो तेव्हा टॅक्स घ्या" हे ऐकायला एकदम पटतं, मलाही पटायचं, पण आकडे मांडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. कागद-पेन घ्या.

आधी टक्केवारीचा घोळ सोडवा. पगारावर २० टक्के टॅक्स असेल तर १०० कमावले की हातात ८० येतात आणि तेवढ्याचाच माल मिळतो. आता पगारावर काहीच नाही पण मालाच्या किमतीवर २५ टक्के आहे असं धरा, तर १०० हातात येतात, त्यात ८० चा माल आणि २० टॅक्स. म्हणजे सगळी कमाई खर्च करणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच! टॅक्स कष्टावरून हटला असं वाटतं, पण तो दुकानात जाऊन थांबलेला असतो.

मग फरक कुणाला पडतो? कागदावर चार माणसं लिहा. सगळं खर्च करणारा २० भरतो. १०० मधले ४० शिल्लक टाकणारा यावर्षी फक्त १२ भरतो, बाकीचा टॅक्स ते पैसे कधी खर्च होतील तेव्हा. तिसरा वारशाच्या पैशावर जगतो, पगारावरच्या टॅक्सने त्याला कधीच हात लागत नव्हता, आता मात्र १०० खर्चले की २० जातात. खरेदीवरच्या टॅक्सच्या बाजूने सगळ्यात दमदार मुद्दा हाच आहे माझ्या मते. आणि चौथी म्हातारी माणसं, ज्यांनी आयुष्यभर पगारावर टॅक्स भरून शिल्लक टाकली, त्यांच्या उरलेल्या ८० मधून परत १६ जाणार, एकाच कमाईवर दोनदा. हे मला खरंच खटकतं.

पुढचं बघायचं ते म्हणजे बदल्यात नक्की काय कमी होतंय आणि कुणाचं. जर्मनीत १ जानेवारी २००७ ला व्हॅट, म्हणजे खरेदीवरचा टॅक्स, १६ वरून १९ टक्के केला, त्यातल्या काही पैशाची जोड देऊन पगारावर लागणारी बेकारी विम्याची वर्गणी ६.५ वरून ४.२ टक्क्यांवर आणली. नोकरदाराला थोडं परत मिळालं, पण पेन्शनर ती वर्गणी भरतच नव्हते, त्यांच्या वाट्याला नुसती भाववाढ. ज्यांची कमाई इतकी कमी की इन्कम टॅक्स लागतच नाही त्यांचंही तेच, इन्कम टॅक्स कमी केला तरी त्यांच्या हातात शून्य येतं आणि दुकानात मात्र जास्त द्यावं लागतं. डेन्मार्कमध्ये तर व्हॅट २५ टक्के आहे आणि पगारावरचा टॅक्सही भरपूर, त्यामुळे "ऐवजी" हा शब्द कुणी वापरला की "शिवाय" तर नाही ना हे आधी बघा.

गरिबाला वाचवायचं कसं? गरजेच्या वस्तूंवर टॅक्स माफ करा असं लगेच सुचतं, पण त्या वस्तू श्रीमंतही घेतो आणि बहुतेक वेळा जास्तच घेतो, म्हणजे माफीतला मोठा हिस्सा त्याच्याकडे जातो. त्यापेक्षा प्रत्येकाला ठरावीक रक्कम परत द्या. समजा १० परत दिले, तर १०० खर्चणाऱ्यावर निव्वळ १० चा भार येतो आणि १००० खर्चणाऱ्यावर १९० चा, म्हणजे एकावर १० टक्के, दुसऱ्यावर १९. कॅनडात कमी उत्पन्नवाल्यांना खरेदीवरच्या टॅक्सपोटी अशी रक्कम दर तीन महिन्यांनी देतात, आणि ही वेळ महत्त्वाची आहे, कारण ज्याच्याकडे महिनाअखेर काही उरत नाही त्याला वर्षाच्या शेवटी मिळणाऱ्या परताव्याचा आज दुकानात काहीच उपयोग नसतो.